पगार वाढतो, तरी हातात उरत नाही: खर्च तपासताना सुटकेची किंमत मोजा

प्रश्न असा आहे: पगार दरवर्षी थोडा वाढतो, उधळपट्टी नाही, तरी महिनाअखेरीस खातं रिकामं होतं. प्रत्येक गोष्टीत कुणीतरी नफा ओरबाडतंय असं वाटतं आणि संताप येतो. दोष आपल्या हिशेबात आहे की व्यवस्थेत? आणि एका घराने यावर करायचं तरी काय?

संताप रास्त आहे. पण तो सगळ्या खर्चांवर सारखा वाटला तर माणूस थकतो आणि फरक काही पडत नाही. नफा सगळीकडून सारखा निघतच नाही. ग्राहक उद्या सकाळी दुसऱ्या दारात जाऊ शकतो तिथे विक्रेत्याला भाव आवरून धरावा लागतो. जिथे जाता येत नाही, किंवा जायचं तर दंड, कागदपत्रं आणि दहा फोन लागतात, तिथे भाव चढतो. म्हणून घरखर्च बघताना 'हे महाग आहे का' याच्या आधी 'यातून सुटायला किती दिवस आणि किती पैसे लागतील' हे विचारा.

आधी काही न उरण्याचं गणित. समजा उत्पन्न १०० आहे. त्यातले ६० बांधलेले: भाडं किंवा घराचा हप्ता, इतर कर्जं, विमा, शिक्षणाचं शुल्क, प्रवास, वीज, फोन. मोकळे ४०. पगार ६ टक्क्यांनी वाढून १०६ झाला आणि बांधलेला खर्च १० टक्क्यांनी वाढून ६६ झाला, तर मोकळे पुन्हा ४०च राहतात. बाकीच्या वस्तू ५ टक्क्यांनी महागल्या असतील तर त्या ४० मध्ये आता पूर्वीच्या ३८ इतकंच येतं. पगारवाढ मिळाली आणि घर मागे गेलं. जाहीर होणारा महागाईचा आकडा हे दाखवत नाही, कारण तो सरासरी कुटुंबाच्या खर्चाच्या प्रमाणांवर काढलेला असतो. उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला अन्नावरचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे एकच आकडा दोन घरांना वेगवेगळा भिडतो. स्वतःचा आकडा काढायचा तर स्वतःच्याच खर्चाची प्रमाणं धरावी लागतात.

मात्र सगळीच भाववाढ नफेखोरी नसते. हे मान्य केलं नाही तर भांडण चुकीच्या माणसाशी होतं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये दाखवलं की शिकवणं, शुश्रूषा, वादन अशा कामांत यंत्राने वेग फारसा वाढत नाही. चार वादकांना एक रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. इतर क्षेत्रांत पगार वाढले की इथेही वाढवावे लागतात, आणि सेवा महागते. त्यात कुणी लुबाडलेलं नसतं. जागेचं तर्कशास्त्र आणखी वेगळं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये शेतजमिनीबद्दल सांगितलेलं सूत्र शहरातल्या घरांनाही लागू पडतं: जागा वाढवता येत नाही, त्यामुळे आसपासची मिळकत वाढली की वाढीचा मोठा भाग भाडं खाऊन टाकतं. मालकाने काही नवं केलेलं नसतं.

तिसरा प्रकार मात्र ठरवून केलेला आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा १३ सप्टेंबर १९७० चा लेख, नफा वाढवणं हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी असं सांगणारा, पुढच्या काळात कंपन्यांच्या संचालक मंडळांचा जणू पाया बनला. १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, कंपन्यांना बाजारातून स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यासाठी कायदेशीर संरक्षणाची चौकट आखून दिली. अशा खरेदीने शेअरचा भाव चढवता येतो. दर तिमाहीत तो वर दिसायला हवा, असा दबाव असला की वस्तू सुधारण्यापेक्षा ग्राहकाला बांधून ठेवणं स्वस्त पडतं. ही युक्ती त्याआधीचीही आहे. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या मोठ्या उत्पादकांनी फीबस नावाची युती केली. तोवर दिवे दीड-दोन हजार तास चालत. युतीने ते १,००० तासांवर आणले, आणि ज्या कारखान्याचे दिवे जास्त टिकत त्याला दंड ठोठावला. टिकाऊपणावर दंड: यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही.

आता काम. बँक आणि कार्डाचे पूर्ण १२ महिन्यांचे उतारे काढा. तीन महिन्यांवर भागवू नका. विम्याचे वार्षिक हप्ते, शुल्क, नूतनीकरणं त्यात निसटतात आणि तेच महिना कोलमडवतात. वर्षाला एकदा जाणाऱ्या रकमेला १२ ने भागून मासिक खर्चात धरा. मग फक्त बांधलेल्या खर्चांची यादी करा आणि प्रत्येकापुढे चार रकाने भरा: महिन्याला किती, गेल्या वर्षी याच वेळी किती होता, सुटायला किती दिवस, सुटायला किती पैसे. शेवटच्या दोन रकान्यांसाठी करारपत्र उघडावंच लागतं. अंदाजाने भरलेला रकाना इथे कामाचा नाही. यादी तयार झाली की ज्याचा भाव वर्षात पगारापेक्षा जास्त वाढला आणि ज्यातून सुटणं महाग आहे, त्या ओळींवर खूण करा. साधारण पाच-सहा ओळी निघतात, आणि मेहनत तिथेच करायची. बाहेर घेतलेला एखादा कप किंवा मुलांची छोटी हौस कापून संसार सावरतो, हा सल्ला गणिताने कमकुवत आहे आणि वागायला निष्ठुर. एकूण खर्चाच्या ३ टक्के असलेली गोष्ट अर्धी केली तरी दीड टक्काच वाचतो.

कर्जावर सर्वात जास्त वेळ द्या, कारण तिथे किंमत दिसते एक आणि असते दुसरीच. दर सांगण्याचे दोन प्रकार असतात. 'फ्लॅट' दरात व्याज पूर्ण मुदतीभर मूळ रकमेवर लावतात, तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं असलं तरी. घटत्या शिलकेवरच्या दरात व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं. उदाहरण: १,२०,००० चं कर्ज, १२ महिने, १० टक्के फ्लॅट. व्याज १२,०००, हप्ता ११,०००. घटत्या शिलकेने मोजला तर हाच दर वर्षाला जवळपास १८ टक्के होतो. सुरुवातीला २ टक्के प्रक्रिया शुल्क कापून हातात १,१७,६०० च दिले असतील तर तो २२ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून कर्ज घेताना एकच वाक्य विचारा, आणि उत्तर लेखी मागा: 'सगळी शुल्कं धरून, घटत्या शिलकेवर, वार्षिक दर किती?' उत्तर टाळलं तर मोबाइलवरच्या कोणत्याही गणनपत्रकात (स्प्रेडशीट) दराचं सूत्र (RATE) वापरा. त्यात तीनच गोष्टी घालायच्या, हप्त्यांची संख्या, हप्ता (उणे चिन्ह लावून), आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम. येणारा आकडा मासिक असतो, त्याला १२ ने गुणा. नेहमीची चूक म्हणजे तिसऱ्या जागी मंजूर रक्कम घालणं. हातात पडलेलीच घाला.

बिनव्याजी हप्त्यांची तपासणीही अशीच. १२,००० ची वस्तू २,००० च्या ६ मासिक हप्त्यांत मिळते आणि रोख घेतली तर ११,४०० ला. सोडून दिलेली ५ टक्के सवलत हेच व्याज, आणि पहिला हप्ता महिन्याने सुरू होत असेल तर त्याचा वार्षिक दर १८ टक्क्यांच्या आसपास येतो. रोखीचा भाव आधी विचारा, हप्त्याची गोष्ट नंतर काढा. उलट क्रमाने विचारलं की रोखीचा खरा भाव बाहेरच येत नाही.

क्रेडिट कार्डावरची 'किमान देय रक्कम' हा सगळ्यात क्रूर आकडा. १,००,००० बाकी, महिना ३ टक्के व्याज, किमान रक्कम बाकीच्या ५ टक्के असं धरा. पहिल्या महिन्यात ५,१५० जातात, त्यातले ३,००० व्याज. बाकी कमी होते तसा किमान आकडाही कमी होतो, त्यामुळे फेड सतत मंदावते. बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. तोवर साधारण १,२०,००० भरून झालेले असतात आणि ५०,००० अजून डोक्यावर असतात. हेच ५,१५० दर महिन्याला न बदलता भरले तर ३० महिन्यांत सगळं कर्ज संपतं. पहिल्या महिन्याचा हप्ता दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणून पहिल्या दिवशीची रक्कम कायमची सूचना म्हणून खात्यावर लावा आणि बिलावरचा किमान आकडा पाहूच नका. त्या काळात कार्डावर नवी खरेदी बंद, कारण जुनी बाकी असताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. स्वस्त कर्ज काढून कार्ड फेडणं योग्य आहे, पण हा उपाय एकाच कारणाने फसतो: कार्ड रिकामं झालं की पुन्हा भरतं आणि दोन कर्जं उभी राहतात. फेडलं त्याच दिवशी मर्यादा कमी करून घ्या.

घरकर्जात दर बदलता असेल तर मुदतीकडे डोळा ठेवा. ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक १,००,००० मागे हप्ता ९०० च्या आसपास येतो. पहिल्या हप्त्यात ७५० व्याज आणि मुद्दल अवघं १५०. दर सुरुवातीलाच १० टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचे सुमारे ३१४ होतात. सहा वर्षांहून जास्त. हप्ता वाढला नाही म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. दर बदलल्याचं पत्र आलं की उरलेल्या हप्त्यांची संख्या लेखी मागा, आणि जमत असेल तर हप्ता वाढवून मुदत जागेवर आणा. हप्त्याव्यतिरिक्त जास्तीचं मुद्दल सुरुवातीच्या वर्षांत भरलं तर फायदा मोठा, शेवटी नगण्य. पैसे भरताना ते मुद्दलात वळते करायचे आहेत हे लिहून द्या, नाहीतर काही ठिकाणी पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून नोंद होते.

भाड्याने राहणाऱ्यांनी करारातली वाढीची ओळ वाचावी. दरवर्षी ५ टक्के वाढ म्हणजे भाडं १४ वर्षांत दुप्पट. १० टक्के वाढ म्हणजे सात वर्षं आणि थोडे महिने. घासाघीस आजच्या भाड्यापेक्षा या टक्क्यावर करा, आणि नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी, सामान हलवायची घाई नसताना. लांब राहून भाडं वाचवायचं ठरवलं तर वाचलेल्या रकमेतून प्रवासखर्च वजा करा आणि उरलेल्याला महिन्याच्या जास्तीच्या तासांनी भागा. येणारा आकडा तुमच्या तासाच्या कमाईच्या निम्म्याहूनही कमी असेल तर ते स्वस्त घर नव्हे. विकत की भाड्याने हे ठरवताना हप्ता आणि भाडं समोरासमोर ठेवू नका. मुद्दल तुमच्याच मालकीत जातं, तो खर्च नाही. भाड्यासमोर ठेवायचं ते व्याज, दुरुस्ती, कर, विमा आणि सुरुवातीला गुंतवलेल्या रकमेवर बुडालेलं व्याज.

सबस्क्रिप्शन आणि करारांबद्दल थोडक्यात. मोफत चाचणी सुरू केली त्याच मिनिटाला रद्द करा. बऱ्याच सेवा मुदत संपेपर्यंत चालूच राहतात. ऑटो-पे एकाच कार्डावर ठेवा, म्हणजे यादी एका जागी दिसते. रद्द करताना पडद्याचं चित्र (स्क्रीनशॉट) आणि पोचपावती जपून ठेवा. पैसे भरणं एका बटणावर आणि सोडणं सात पानांमागे, ही रचना अपघाताने होत नाही. अशा फसव्या मांडणीला ब्रिटिश डिझायनर हॅरी ब्रिगनल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं, आणि जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन घेतलेला चालू करार रद्द करण्यासाठी संकेतस्थळावर स्पष्ट बटण असणं कायद्याने बंधनकारक झालं. जिथे असा कायदा नाही तिथे लेखी सूचना, तारखेसह, ईमेलने. फोनवर रद्द केलेलं सिद्ध करता येत नाही.

वस्तू घेताना छापील किमतीपेक्षा वर्षाची किंमत काढा: खरेदी, अधिक वीज, अधिक लागणारा माल, अधिक दुरुस्ती, उणे शेवटी येणारी विक्रीची रक्कम, भागिले वर्षं. विजेसाठी एक आकडा पाठ असू द्या: सतत १ वॅट खाणारं उपकरण वर्षात ८.७६ युनिट वीज घेतं. म्हणजे नुसतं जोडून ठेवलेलं १० वॅटचं यंत्र वर्षाला जवळपास ८८ युनिट. छपाईयंत्रासारख्या वस्तूत यंत्र स्वस्त आणि शाई महाग असते. तिथे शाईच्या डबीची किंमत भागिले तिच्यातून निघणारी पानं, एवढंच बघा. सोबत आलेली पहिली डबी बऱ्याचदा अर्धवट भरलेली असते, तिच्यावर हिशेब बांधू नका. पाकिटांत माल घटवण्याची चलाखीही एकक भावानेच, म्हणजे किलो किंवा लिटरमागच्या भावानेच, पकडली जाते: ५०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ४२५ ग्रॅमचं झालं तर माल १५ टक्के कमी, पण भाव १७.६ टक्के जास्त. मोठं पाकीट स्वस्तच असतं हेही गृहीत धरू नका, दर वेळी भागाकार करा.

टिकाऊपणा तपासायला तीन प्रश्न पुरतात. बॅटरी किंवा सर्वात आधी झिजणारा भाग घरी बदलता येतो का? बाहेरच्या दुरुस्तीवाल्याला सुटे भाग मिळतात का, आणि किती वर्षं? कवच स्क्रूंनी जोडलंय की डिंकाने? यातलं काही आता कायद्यात उतरलंय. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून धुलाईयंत्रांच्या मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतरही किमान १० वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळालेच पाहिजेत, आणि फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी असा नियम आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. त्याच जातीचं मॉडेल तुमच्याकडे विकलं जात असेल तर हे गुण शोधून खरेदी ठरवता येते.

इथवर एका घराला जमण्यासारखं झालं. भाडं, उपचार, शिक्षण यांत एकट्याने फारशी घासाघीस होत नाही, आणि तसं वाटत असेल तर तो कमीपणा नव्हे. यावर चाललेले उपाय सामूहिकच आहेत. व्हिएन्नाने १९२३ मध्ये घरांवर चढता कर लावला आणि १९३४ पर्यंत ६०,००० हून अधिक घरं नगरपालिकेनेच बांधली. नफा भाड्यातून बाहेर काढला की भाडं किती उतरतं हे तिथे दिसलं. २१ डिसेंबर १८४४ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये २८ जणांनी स्वतःचं दुकान उघडलं. त्यांचे नियम आजही वापरण्यासारखे आहेत: माल शुद्ध आणि मापात, विक्री रोखीनेच, एका सभासदाला एकच मत, आणि शिल्लक भांडवलाच्या प्रमाणात न वाटता खरेदीच्या प्रमाणात परत.

ओळखीच्या ८ ते १२ घरांचा खरेदी गट याच नियमांवर सुरू करता येतो. सुरुवात न नासणाऱ्या, सगळ्यांना लागणाऱ्या पाच-सात वस्तूंनीच करा. प्रत्येक घराची मागणी ठरलेल्या तारखेपर्यंत लेखी, आणि पैसे मागणीसोबत आगाऊ. तीन ठिकाणचे एकक भाव मागवा, वाहतूक आणि घट धरून तुलना करा. घाऊक भाव किमान ८-१० टक्के कमी पडत नसेल तर ती वस्तू यादीतून काढा, कारण तेवढं अंतर वाहून नेण्याच्या मेहनतीत जातं. गट मोडतात ते जवळजवळ नेहमी तीन कारणांनी. पहिलं उधारी: एका घराला दिली की दुसऱ्याला नाकारता येत नाही. दुसरं उरलेला माल: कुणी मागणी मागे घेतली की तो कुणाच्या तरी घरात पडून राहतो, म्हणून मागणी नोंदवली की पैसे परत नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी. तिसरं, एकाच माणसावर पडलेलं काम. खरेदी, हिशेब आणि वाटप तीन वेगळ्या घरांकडे ठेवा आणि दर तीन महिन्यांनी फिरवा. हिशेबाची वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा, रक्कम किरकोळ असली तरी.

आणि गट सोडण्याचा नियमही आधीच लिहून ठेवा: ज्याला बाहेर पडायचं आहे त्याने अनामत ठेवली असेल तर ती चालू महिन्याचा हिशेब झाला की ३० दिवसांत पूर्ण परत, कारण न विचारता.